सातव्या वेळचा आकडा

यशवंता,

तुझ्या बेसण्याला परीखसाहेब आले होते. शोकसभेला आपण बडोदेकर बेसणंच म्हणतो, मराठी माणसाच्या घरचं असलं तरी. एवढ्या मोठ्या कारखान्याचे मॅनेजर, पण बूट बाहेर काढून चटईवर मांडी घालून बसले, हे तुला आवडलं असतं. तुझ्या फोटोला फुलं वाहून झाल्यावर ते माझ्याकडे सरकले आणि हळूच म्हणाले, "माणस तो हीरो हतो, अविनाशभाई. एक ज वार झोकुं आवी गयुं बिचाराने."

माणूस हिरा होता, एकदाच काय ती डुलकी लागली बिचाऱ्याला. मी मान डोलावली. पाच वर्षं मी या वाक्याला मान डोलावत आलोय. त्या दिवशी तर तू समोर होतास, चंदनाचा हार घालून, आणि तरीही डोलावली.

तू झोपला नव्हतास. हे दोघांनाच माहीत होतं, तुला आणि मला. आता एकट्या मलाच माहीत आहे, आणि हे ओझं एकट्याने वागवायचं असतं हे तू मला कधी सांगितलं नाहीस. तू काहीच सांगितलं नाहीस म्हणा. सांगायचं मीच होतं.

परीखसाहेब उठता उठता आणखी एक बोलले. नंदेसरीला शेजारच्या प्लॉटवर नवीन प्लांट उभा राहतोय. तिथे कंट्रोल रूममध्ये आपलंच मशीन बसवायचं ठरलंय, तोच प्रोग्रॅम, तीच ऑपरेटिंग सिस्टिम, फक्त प्रोसेसर आजच्या काळातला. "इतक्या वर्षांत मशीनची एक तक्रार नाही," असं ते गुजरातीत म्हणाले, "जे झालं ते माणसाकडून झालं. दिवाळीआधी बसवून द्या."

मी 'हो' म्हटलं नाही. 'नाही'सुद्धा म्हटलं नाही. घरी आलो, चपला काढल्या आणि ओसरीवर तसाच बसून राहिलो. तुझी ती थाप, मला वाचवायला मारलेली, तुझ्यामागे जिवंत राहिली होती आणि आता दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांसमोर जाऊन बसणार होती.

तेव्हापासून हे तुझ्याशी बोलणं चालू आहे. आज ते कागदावर उतरवतोय.

आपली जोडी कशी जमली हे लोकांना कोडंच होतं. तुम्ही मोहिते, दरबारच्या फौजेतले. आम्ही फडातले, म्हणजे दरबारच्या कचेरीतले. तू म्हणायचास, "माझ्या पणज्याने राजवाड्याच्या दारात भाला धरला आणि तुझ्या पणज्याने आत बसून त्या भाल्याची वहीत नोंद केली." तू मला कारकून म्हणायचास, मी तुला शिलेदार. शिलेदार सकाळी कंपनीच्या बसने नंदेसरीला जायचा आणि केमिकलच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट खात्यात काटे आणि वायरी तपासायचा. कारकुनाने प्रतापनगरच्या रस्त्यावर कॉम्प्युटर जोडून विकायचं दुकान काढलं होतं. तेव्हा कोण कुठलं दुकान काढत होतं याला सुमारच नव्हता. काल केबलवाला, आज पेजरवाला, उद्या कॉम्प्युटरवाला. सगळ्यांना वाटत होतं, आता आपलेच दिवस आले.

दोन हजार साल उजाडलं की जुने कॉम्प्युटर तारखा विसरतील, विमानं पडतील, कारखाने फुटतील, अशी भीती सगळ्यांच्या मानगुटीवर बसली होती ना, ती मला लाभली. तुमच्या रिअॅक्टरचं तापमान बघणारा जुना कॉम्प्युटर बदलायचा ठरला. तू माझं नाव सुचवलंस. परीखसाहेबांनी एकच सवाल टाकला: याच मशीनवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम चालतात म्हणतात, तर कुठली घ्यायची ते मोजून सांगा.

एक विकत मिळायची. दुसरी फुकट, मासिकासोबत आलेल्या सीडीवर. आपण त्यांना नावंच तशी ठेवली होती, विकतची आणि फुकटची. तरसालीतल्या माझ्या घराच्या मागच्या खोलीत आपण रविवारी दुपारी बसायचो. कोपऱ्यावरून सेव-उसळ यायची. ती की-बोर्डपासून लांब ठेवायची असा माझा दंडक होता आणि तो तू दर रविवारी मोडायचास.

"प्रोसेसर म्हणजे आचारी," तू म्हणालास. "आचारी एकच, स्वयंपाकघरं दोन. बघू कुठे पंगत लवकर उठते."

बॉक्स एकच होता. त्यात हार्ड डिस्कचा खण बाहेर ओढता यायचा. एका डिस्कवर विकतची, एकावर फुकटची. खण ओढायचा, दुसरा सरकवायचा, मशीन चालू करायचं. तू कारखान्यातून एका जुन्या बॅचचे तापमानाचे सगळे आकडे फ्लॉपीवर आणले होतेस. ते प्रोग्रॅमला खायला घालायचे आणि किती वेळात संपवतो ते मोजायचं. मोजायला माझ्या वडिलांचं, नानांचं, स्टॉपवॉच होतं. नाना व्यायामशाळेत मल्लखांबाच्या स्पर्धांना पंच असायचे. पंचांची रीत मला लहानपणापासून पाठ होती. सगळ्यांचे गुण मांडायचे, वरचा एक आणि खालचा एक सोडायचा, उरलेल्यांची सरासरी काढायची. कुणाचा पक्षपात नको, कुणाचा राग नको. मी तीच रीत कॉम्प्युटरला लावली. प्रत्येक सिस्टिमवर सात वेळा चालवायचं, सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाईट आकडा सोडायचा, मधल्या पाचांवर निकाल द्यायचा. मला त्याचा केवढा अभिमान होता. वाटायचं, इंजिनियरिंगवाल्यांना सुचलं नाही ते आपल्याला सुचलं.

फुकटची हळू चालली, पण सातही वेळा जवळजवळ सारखाच वेळ. विकतची सहा वेळा तिच्यापेक्षा लवकर संपली. सातव्या वेळी मध्येच पडदा थांबला. आकडा चौऱ्याण्णववर थबकला. खालच्या कोपऱ्यातल्या घड्याळाचे सेकंद थांबले. डिस्क मात्र आतून किरकिरत होती. मी माउस हलवायला गेलो तर तू माझा हात धरलास.

"थांब. बघू दे किती वेळ थांबतंय."

अडतीस सेकंद. मग काही झालंच नाही अशा थाटात आकडे पुढे धावायला लागले. मी वहीत लिहिलं आणि त्याच्यावर काट मारली. सगळ्यात वाईट, म्हणून सोडायचा. तू वही ओढून घेतलीस.

"अरे कारकुना, हाच तर आकडा आहे!"

"तो सोडायचाच असतो. नियम आहे."

"मल्लखांबावरचा पोरगा सहा वेळा चढला आणि सातव्या वेळी डोक्यावर पडला, तर पडलेला आकडा सोडशील?"

"तसं नसतं ते. सात वेगळे पंच असतात, पोरगा एकदाच चढतो."

हे बोललो आणि त्या क्षणी मला स्वतःलाच कळलं, की मी काय बोललो. पंच सात असतात म्हणून एकाची चूक सोडायची असते. इथे पंच एकच होता, नानांचं घड्याळ, आणि ते चुकलं नव्हतं. पडलं होतं ते मशीन. मला कळलं, यशवंता. त्याच दुपारी कळलं. पण तू हसत होतास, मला हरवल्यासारखा, आणि तू हसलास की माझं टाळकं फिरायचं. मी वही परत घेतली आणि म्हटलं, नियम म्हणजे नियम.

तो वाद आपण पुढे दोन रविवार ओढला. तू म्हणत राहिलास, कारखान्यात सरासरीला कोण विचारतं, सगळ्यात वाईट वेळी काय होतं ते लिही. मी म्हणत राहिलो, लिहायला जागा नाही. शेवटी अहवाल माझ्या पद्धतीने टाइप झाला. मधल्या पाचांची सरासरी, विकतची सरस. मी सही केली. तुझी सही साक्षीदार म्हणून लागत होती. तू पेन हातात धरून बराच वेळ बसलास आणि मग केलीस. का केलीस? मी पुढे दहा वेळा विचारलं असेल. तू सांगायचास, "उसळ थंड होत होती."

मला आता वाटतं, तू माझ्या चेहऱ्याकडे बघून केलीस. ते माझं पहिलं मोठं काम होतं.

मशीन बसलं. दिवसपाळीला त्याच्यासमोर बसायचं काम तुझ्याकडे आलं. आधी तुमच्याकडे माणूस दर पंधरा मिनिटांनी जिना चढून रिअॅक्टरच्या डोक्यावरचा काटा बघून यायचा आणि पाटीवर लिहायचा. कॉम्प्युटर आल्यावर त्या फेऱ्या बंद झाल्या. पडद्यावर आकडा दिसतोय, मर्यादेबाहेर गेला तर भोंगा वाजतोय, मग तंगडतोड कशाला? कौतुक झालं. परीखसाहेबांनी पेढे वाटले.

तिसऱ्या महिन्यात दुकानात तुझा फोन आला. तू फक्त म्हणालास, "चाळीस," आणि ठेवून दिलास.

मला कळलं. मी दुसऱ्या दिवशी आलो, डिस्क साफ केली, नको त्या फाइली काढल्या. महिनाभर बरं चाललं. मग पुन्हा फोन. "पन्नास." मी मेमरी वाढवून दिली. मग "सव्वा मिनिट." तू कधी जास्त बोलला नाहीस, 'हॅलो'सुद्धा नाही. मला तर फोन वाजला की उचलायला नको व्हायचं. गिऱ्हाईक असलं की हायसं वाटायचं. मशीन जितकं जुनं होत होतं, डिस्क जितकी भरत होती, तितकं ते मध्ये थांबायला लागलं होतं. आणि थांबलं की पडद्यावर जुना आकडा तसाच ठेवायचं, अगदी सभ्यपणे. बघणाऱ्याला वाटायचं, तापमान कसं स्थिर आहे. भोंगासुद्धा त्याच प्रोग्रॅमच्या हातात होता.

एकदा तू दुकानात आलास. तू म्हणालास, "मी परीखसाहेबांना सांगतो. अहवाल पुन्हा करू. सातवा आकडा घालू."

मी म्हटलं, "एवढा सीझन जाऊ दे. मी फुकटचीवर सगळा प्रोग्रॅम नव्याने लिहितोय. गुपचूप डिस्क बदलून टाकू, कुणाला कळणारही नाही."

"किती दिवस?"

"महिना."

तू थांबलास. माझ्या शब्दावर थांबलास. तो महिना चौदा महिन्यांचा झाला, कारण दुकान चालत होतं, गिऱ्हाइकं येत होती, आणि नव्याने लिहायचं काम रटाळ होतं. खरं कारण इतकं साधं आहे की लिहितानाही लाज वाटते.

तेवढे दिवस तू काय केलंस हे मला नंतर इतरांकडून कळलं. तू स्वतःच जिना चढून काटा बघायला लागलास, तुझ्या पाळीत, कुणी सांगितलेलं नसताना. जेवणाचा डबा पडद्यासमोर खायचास. आकड्याकडे बघायचाच नाहीस. कोपऱ्यातल्या घड्याळाचे सेकंद पळतायत का तेवढं बघायचास. बाकीचे तुझी टिंगल करायचे, "मोहिते, स्क्रीन मां सिनेमा जुए छे के शुं?" पडद्यावर सिनेमा बघतोस की काय, म्हणून.

मार्चमधली ती दुपार. जेवणं नुकतीच झाली होती. सेकंद थांबले. तू वाट बघितलीस, नेहमीसारखं सुरू होईल म्हणून. एक मिनिट, दीड मिनिट. मग उठलास आणि जिन्याकडे धावलास. वर काटा लाल रेघेच्या पुढे होता. तू हाताने थंड पाण्याचा व्हॉल्व्ह उघडलास. तो जड असतो, दोन माणसांचं काम. तू एकट्याने उघडलास. तेवढ्यात झाकणाच्या फटीतून वायू सुटायला लागला होता. तू तोंडाला रुमाल बांधायलाही थांबला नाहीस. खाली तेरा माणसं होती. तेरापैकी कुणाला खोकलाही झाला नाही.

मशीन चार मिनिटं थांबलं होतं. मग जागं झालं आणि भोंगा वाजवला. भोंगा वाजला तेव्हा तू वर पालथा पडला होतास.

दवाखान्यात चौकशीला माणसं आली तेव्हा मी बाहेर बाकावर बसलो होतो. आत जाऊन सगळं सांगायचं असं ठरवून आलो होतो, शप्पथ. वही पिशवीत होती. ते तासाभराने बाहेर पडले आणि त्यातला एक मला म्हणाला, "पेशंट कहता है, आंख लग गई थी. भोंगा सुना ही नहीं." मी आत गेलो. तुझ्या नाकात नळी होती. तू डोळ्यांनीच मला गप्प केलंस. मग तुटक तुटक म्हणालास, "मला युनियन आहे. तुला कोण आहे? तुला पोलीस घेऊन जातील. आणि सही माझीही आहे."

मी रडलो. तू माझ्या हातावर थापटलंस. मला तेव्हा जे वाटलं ते आज सांगतो. सुटलो, असं वाटलं. तुझ्या छातीतून दर श्वासाला शीळ येत होती आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

त्या थापेची किंमत काय ते मला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. तुमच्या घरात मी वाढलो होतो. आबांना, तुझ्या वडिलांना, मी ओळखत होतो. आयुष्यभर प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये हातोडा चालवलेला माणूस, पण खंडेनवमीला पणजोबांची तलवार पाटावर ठेवून तिला हळदकुंकू वाहताना त्यांची पाठ कशी ताठ व्हायची. त्यांच्या घरातला मुलगा पहाऱ्यावर झोपला. ते तुझ्याशी भांडले नाहीत. ते फक्त बोलायचे थांबले. आणि त्या वर्षीच्या खंडेनवमीला, मी तिथे होतो, तू पूजेसाठी हात धुऊन पुढे आलास आणि आबा म्हणाले, "यशवंत, तू नको. थोरल्याला करू दे." तू हात पुसलेस आणि दाराशी जाऊन उभा राहिलास. तुझे दादा, थोरले, पुढे झाले. त्यांनीही तुझ्याकडे बघितलं नाही. मी बघितलं. तू माझ्याकडे बघून भुवया उडवल्यास, उसळ खाताना उडवायचास तशा.

तेव्हा मी का नाही बोललो? तोंडापर्यंत आलं होतं. मी माझ्या मनाला सांगितलं, तुझीच इच्छा आहे. तूच मला गप्प केलंयस, मग मी कोण तुझा शब्द मोडणारा? कारकून माणूस, कारणं शोधण्यात पटाईत.

कारखान्याने तुला कंट्रोल रूममधून काढून फाटकावरच्या टेबलाशी बसवलं, आत-बाहेर जाणाऱ्या गाड्यांचे पास तपासायला. मशीन तिथेच राहिलं. मी चार महिन्यांत धावतपळत ते बदललं असतं, पण परीखसाहेब म्हणाले, "अरे, चालू आहे ते चालू द्या. मशीनमध्ये दोष निघाला नाही." तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. मी नवी मोठी डिस्क घालून दिली, दर महिन्याला जाऊन साफ करत राहिलो, फुकट, न बोलावता. लोक म्हणायचे, केवढा प्रामाणिक माणूस. ते थांबायचं कमी झालं. बंद झालं असं मी छातीठोकपणे कधीच सांगू शकलो नाही, कारण फोन करणारा आता तिथे बसत नव्हता.

आबा गेले, तीन वर्षांपूर्वी. शेवटपर्यंत तुझ्याशी बोलले नाहीत. तू त्यांना खांदा दिलास तेव्हा तुला दहा पावलांत धाप लागली आणि कुणीतरी तुझ्या जागी आलं.

तुझा राग येतो रे मला. हे वाचून तू हसशील. पण तू एकदा तरी म्हणायला हवं होतंस, की अविनाश, आता पुरे, बोल. तू दाराशी उभा राहून भुवया उडवत राहिलास आणि मी ती परवानगी समजत राहिलो. शेवटच्या महिन्यात मी तुझ्याकडे यायचं टाळलं. ऑक्सिजनचं नळकांडं बघवत नाही असं वहिनींना सांगायचो. आलो त्या एका दुपारी तू विचारलंस, "नवीन प्रोसेसर आलेत म्हणे, एकाच डबीत दोन दोन?" मी म्हटलं, हो. तू म्हणालास, "मग पुन्हा मोजू की. दोन्हीवर. सात सात वेळा." आणि खोकायला लागलास. मी "हो, मोजू" म्हणालो आणि उठलो. तू मला दार उघडून देत होतास, यशवंता. एवढं मोठं दार, आणि मी त्यातून घरी निघून आलो.

काल तुझा तेरावा झाला.

गच्चीवर पंगत होती. दादा स्वतः वाढत होते. परीखसाहेब आले होते, माझ्या शेजारी बसले. दुसऱ्याच घासाला त्यांनी विचारलं, "तो अविनाशभाई, नवा प्लांटनुं मशीन क्यारे?" नव्या प्लांटचं मशीन कधी, म्हणून.

मी हातातला घास पानात ठेवला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. म्हणालो, "साहेब, नवीन बसवू नका. जुनं आजच बंद करा. यशवंत झोपला नव्हता." मराठीतच बोललो, आवाज माझा मलाच मोठा वाटला. मग सगळं सांगितलं. सात वेळा, अडतीस सेकंद, मी मारलेली काट, फोन, चौदा महिने, चार मिनिटं. समोरच्या पंगतीत तुमच्या कारखान्याची माणसं होती. त्यांचे हात थांबले. जिन्याच्या तोंडाशी वहिनी उभ्या होत्या, पाण्याचा जग घेऊन.

परीखसाहेबांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. डाव्या हाताने त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि कंट्रोल रूमला लावला. बॅच चालू होती, हे मला तेव्हा कळलं. गच्चीवर इतकी शांतता होती की पलीकडचा आवाज आम्हाला ऐकू येत होता.

"साहेब, बधुं बराबर छे. एकसो बार. क्यारनुं एकसो बार ज छे."

सगळं ठीक आहे, केव्हापासून एकशे बारालाच आहे. तुला हे ऐकून काय झालं असतं ते मला माहीत आहे. परीखसाहेबांनी फोन तोंडाजवळ धरला. "उपर जा," ते ओरडले. "काटो जो. अबघडी." पलीकडचा माणूस म्हणाला, वर तर कुणीच जात नाही साहेब, जिन्याला कुलूप आहे. किल्ली शोधायला गेले. फोन चालूच होता. त्यात पंख्याचा आवाज येत होता, मग कुणाच्या तरी धावण्याचा, मग काहीच नाही. परीखसाहेब उष्ट्या हाताने उभे. मी पानाकडे बघत होतो. किती वेळ गेला, कुणी मोजला नाही.

मग धाप लागलेला आवाज आला. काटा एकशे बारावर. जुळलं होतं. पडदा खरं बोलत होता, काल तरी.

परीखसाहेबांनी बॅच उतरवायला सांगितली, जिन्याचं कुलूप काढून ठेवायला सांगितलं. मग माझ्याकडे वळून ते थंडपणे म्हणाले, "लखीने आपो. सही साथे." लिहून द्या, सहीनिशी. तो कागद मी या कागदानंतर लिहिणार आहे. त्यात सातही आकडे असतील. पुढे पोलीस येतील की आणखी काय, ते येवो.

ते हात धुवायला गेले. दादा अजून तसेच उभे होते, हातात भांडं. त्यांनी ते खाली ठेवलं. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर फार बरं झालं असतं. ते माझ्यासमोर वाकले आणि अगदी हळू, मला एकट्यालाच ऐकू येईल असं म्हणाले, "आबांच्या तेराव्यालाही तू इथेच जेवून गेलास रे."

जेवलो होतो, यशवंता. माझ्या पानात तूच वाढत होतास.